घाट उतरण्याआधी : जुन्या कोम्बीचे ड्रम ब्रेक

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की घरातले सगळे इंजिनाभोवती जमतात. कोणी आवाज ऐकतो, कोणी धूर बघतो, कोणी पत्र्यावर टकटक करून गंज शोधतो. मुलं सीटवर उड्या मारून बघतात. ब्रेकची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि पायडल खोल गेलं तर विकणारा हसून सांगतो, "ड्रम ब्रेक आहेत ना, जुन्या गाडीचे असेच असतात. दोनदा पाय मारायचा."

या ‘असेच असतात’बद्दल आम्हाला आज लिहायचं आहे. आमचे विषय उर्दू आणि मराठी. गाड्यांशी आमचा संबंध बसण्यापुरता. पण गेल्या काही वर्षांत आमच्या खालाजाद भाईंच्या कोम्बीमुळे या विषयात आम्ही इतके ओढले गेलो की, ड्रम ब्रेक असेच नसतात हे आता ठामपणे सांगू शकतो. ते नीट ठेवले तर भरलेली गाडी व्यवस्थित थांबवतात. नीट ठेवले नाहीत तर थोडं थोडं बिघडत जातात, आणि रोज चालवणाऱ्याला ते कळतच नाही, कारण त्याचा पायच त्या बिघाडाला सरावतो.

भाई केपटाऊनला राहतात. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक कोकणी मुसलमान कुटुंबं केपला गेली आणि तिथलीच झाली. त्यांच्या घरांत आजही सांदण होतं आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कोकणी टिकून आहे. केपच्या मुसलमानांमध्ये सुट्टीत सहकुटुंब तंबू घेऊन समुद्रकिनारी राहायला जायची मोठी हौस. वर्णभेदाच्या काळात कोणी कोणत्या किनाऱ्यावर जायचं हे सरकार ठरवत असे. तेव्हाही, जो किनारा वाट्याला आला तिथे लोक तंबू ठोकत. मकासार इथे शेख युसूफ यांचा दर्गा आहे. १६९४ मध्ये डचांनी त्यांना केपला हद्दपार केलं आणि १६९९ मध्ये तिथेच त्यांचा इंतकाल झाला. ईस्टरच्या सुट्टीत या दर्ग्याच्या परिसरात कुटुंबंच्या कुटुंबं मुक्कामाला येण्याची जुनी रीत आहे. केपचे लोक दर्ग्याला ‘क्रमात’ म्हणतात. आम्ही उर्दूचे शिक्षक, आम्हाला त्यातली ‘करामत’ लगेच ऐकू आली.

अशा मुक्कामांना कोम्बी फार सोयीची. कोम्बी म्हणजे फोक्सवॅगनची ती गोल चेहऱ्याची व्हॅन, इंजिन मागे आणि चालक अगदी पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसलेला. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये वहीच्या पानावर तिचं साधं रेखाटन केलं आणि १९५० मध्ये जर्मनीत ती तयार होऊ लागली. वर्षभरातच वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात घडीचे पलंग, कपाटं आणि पडदे बसवायला सुरुवात केली. कॅम्पर म्हणतात ती हीच. दक्षिण आफ्रिकेत या गाड्या उईटनहेगच्या कारखान्यात जोडल्या जात, त्यामुळे तिथे कोम्बी हा घराघरातला शब्द झाला. आपल्याकडे वऱ्हाडासाठी जशी मॅटाडोर, तशी तिकडे कोम्बी. (मॅटाडोर हे नावही जर्मनीतूनच आलं. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीची मूळ मॅटाडोर सुरुवातीच्या काही वर्षांत चक्क फोक्सवॅगनच्याच इंजिनावर चालायची.)

भाईंनी घेतलेली कोम्बी १९६९ ची. हे साल महत्त्वाचं आहे. १९७० च्या ऑगस्टपासून कारखान्याने या व्हॅनच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. त्याआधीच्या गाडीला चारही चाकांना ड्रम. पायाचा जोर वाढवणारा सर्वोही नाही. विकणाऱ्याने ते ठरलेलं वाक्य ऐकवलं होतंच. तिकडे गाडी नावावर करताना रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला लागतो आणि तो गाडीसोबत मिळालाही होता. पण पहिल्याच आठवड्यात भाभी म्हणाल्या, "सिग्नलला गाडी दर वेळी डावीकडे तोंड वळवते. ही गाडी मला मुलांना घेऊन घाटात नको." वाद झाला. भाईंचं म्हणणं, जुन्या गाडीला तेवढं चालायचंच. भाभी म्हणाल्या, चाक उघडून बघा, मग बोलू.

चाक उघडलं.

ड्रम ब्रेकची रचना ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एक जाड बिडाचं पातेलं डोळ्यांसमोर आणावं. ते आडवं करून चाकाला जोडलेलं असतं आणि चाकाबरोबर गरगर फिरतं. त्याच्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना शू म्हणतात. त्या फिरत नाहीत. मागच्या स्थिर पत्र्यावर, म्हणजे बॅक प्लेटवर बसवलेल्या असतात. शूच्या बाहेरच्या अंगाला लायनर चिकटवलेला किंवा रिव्हेटने ठोकलेला असतो. पायडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑईल पुढे ढकलतो, ते नळीतून चाकापर्यंत पोहोचतं आणि तिथला छोटा व्हील सिलिंडर शूला बाहेर रेटतो. लायनर पातेल्याच्या आतल्या भिंतीला घासतो, चाक थांबतं. पाय उचलला की स्प्रिंगा शूला परत ओढून घेतात.

इथपर्यंत साधं आहे. खरी गंमत शूच्या तोंडात आहे. मुलांना समजावताना आम्ही छत्री घेतो. चालताना छत्रीचं टोक पुढे जमिनीला टेकवून ढकललं तर ते जमिनीत रुततं आणि आपल्यालाच अडवतं. तीच छत्री मागे ओढत नेली तर टोक नुसतं घसरत येतं. शूचं तसंच. ज्या शूचं मोकळं टोक फिरणाऱ्या ड्रमच्या सामोरं येतं त्याला ड्रम स्वतःच आत खेचतो, आणि पायाने दिलेल्या जोराच्या कितीतरी अधिक पकड मिळते. दुसऱ्या शूला मात्र ड्रम झटकत राहतो. सर्वो नसलेली जड गाडी साध्या पायाने थांबते ती या खेचण्यामुळे.

कोम्बी बनवणाऱ्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. तिच्या पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये दोन व्हील सिलिंडर आहेत, दोन्ही शूंना स्वतंत्र. त्यामुळे पुढे जाताना दोन्ही शू सामोरे, दोन्ही रुतणारे. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून ताकद पुढे हवी, हे बरोबरच. पण गाडी उलटी जाऊ लागली की तेच दोन्ही शू घसरणारे होतात. चढावर थांबलेली भरलेली कोम्बी मागे सरकू लागली तर पाय नेहमीपेक्षा बराच जोरात दाबावा लागतो. ज्याला हे माहीत नाही तो त्या क्षणी घाबरतो. अशा गाडीत हँडब्रेक चांगला असणं किती गरजेचं आहे, ते यावरून लक्षात यावं. हँडब्रेक तारेने मागचे दोन ड्रम ओढतो, त्याला ऑईल लागत नाही.

आता भाईंच्या गाडीत काय निघालं ते सांगतो. पुढच्या उजव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर पाझरत होता आणि लायनर ऑईलने भिजून काळा झाला होता. त्या चाकाला पकड नाही, म्हणून डावीकडचं चाक एकटंच ओढायचं आणि गाडी डावीकडे वळायची. मागच्या दोन्ही चाकांत शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर इतकं वाढलं होतं की पायडलचा अर्धा प्रवास ते अंतर भरून काढण्यातच जात होता. म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेलं ‘दोनदा पाय मारायचा’ हे जुन्या गाडीचं लक्षण नव्हतंच. पहिल्या दाबाने शू ड्रमपर्यंत पोहोचत, दुसऱ्याने पकडत. कितीतरी महिने कोणी पाना लावलेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

पायडल बरंच काही सांगतं, त्याचं ऐकायची सवय मात्र हवी. पहिल्यांदा खोल आणि दुसऱ्यांदा वर आलं तर शू सेट करायला झालेत. दोनदा मारूनही स्पंजासारखं दबत राहिलं तर नळीत हवा आहे. सिग्नलला पाय ठेवून उभं असताना हळूहळू खाली बसत गेलं, आणि बाहेर कुठे ऑईल दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय. ही गाडी त्या दिवशी घराबाहेर काढायची नाही. पायाला लय धरून धडधड जाणवली तर ड्रम वर्तुळाकार राहिलेला नाही, तो लेथवर छिलून घ्यावा लागतो. त्यालाही मर्यादा असते. ठरलेल्या मापापेक्षा ड्रम मोठा झाला की तो फेकायचा, कारण पातळ भिंत उष्णता सोसत नाही. खरखर लोखंडी आवाज आला तर लायनर संपून रिव्हेट ड्रमला घासत आहेत. आणि थोडं चालवून उतरल्यावर चार चाकांपैकी एकच चाक फार गरम लागलं तर बहुधा रबरी होज आतून फुगला आहे. बाहेरून तो अगदी ठीक दिसतो. पायाच्या जोराने ऑईल पुढे जातं, पण सुजलेल्या नळीतून परत येत नाही आणि शू चिकटून राहतात. पन्नास वर्षांच्या गाडीत असे होज तपासत बसण्यापेक्षा सरळ नवे घालावेत, असं आमचं मत आहे. चार होजची किंमत एका टायरपेक्षा कमी असते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही केपटाऊनला होतो तेव्हा ब्रेक सेट करण्याचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. भाभींनी टॉर्च धरला होता, आम्ही वही. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, न उचललेल्या चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे. एक बाजू जॅकने उचलून लगेच खाली लोखंडी घोडी लावायची. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. मागचं चाक असेल तर आता गाडी न्यूट्रल करायची आणि हँडब्रेक सोडायचा. बॅक प्लेटला रबरी बुचं असलेली भोकं असतात (काही जुन्या गाड्यांत भोक ड्रमलाच असतं). त्यातून आत बघितलं की दातेरी चाकी दिसते. प्रत्येक शूला एक, म्हणजे चार चाकांच्या मिळून आठ. स्क्रू ड्रायव्हरने एक चाकी दात दात करून फिरवायची, गाडीचं चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. मग दोन-तीन दात मागे. चाक मोकळं फिरलं पाहिजे, फक्त किंचित घासल्याचा आवाज आला तर हरकत नाही. दुसरी चाकी तशीच. मग एकाने आत बसून पायडल दोन-तीनदा दाबायचं, म्हणजे शू आपापल्या जागी बसतात, आणि पुन्हा चाक फिरवून बघायचं. बहुतेक वेळा आणखी एखादा दात फिरवावा लागतो.

चारही चाकांना मिळून दीड तास लागला. पायडल वर आलं, घट्ट झालं. त्यासाठी एकही नवा भाग लागला नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण पायडल खोल गेलं की गॅरेजवाला आधी मास्टर सिलिंडर बदलायला सांगतो, आणि कित्येकदा तो बदलूनही पायडल खोलच राहतं.

हँडब्रेक सगळ्यात शेवटी. पुष्कळ लोक उलटं करतात. हँडब्रेक सैल वाटला की तार आवळतात. त्याने मागचे शू अर्धवट ओढलेल्या अवस्थेत अडकतात आणि नंतरचं सगळं माप चुकतं. पुढच्या चाकांच्या बेअरिंगचंही तसंच. बेअरिंग ढिलं असेल तर ड्रम डगमगतो, म्हणून आधी बेअरिंग, मग शू, मग तार.

पाझरणारा सिलिंडर बदलला तेव्हा भिजलेल्या लायनरचं काय करायचं यावर चर्चा झाली. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांनी पेट्रोलने धुऊन वापरायचा सल्ला दिला. तो भाईंनी मानला नाही ते बरं झालं. लायनरमध्ये मुरलेलं ऑईल गरम झालं की पुन्हा वर येतं. शू नेहमी जोडीने, म्हणजे दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. एकीकडे नवे, एकीकडे जुने ठेवले तर गाडी पुन्हा तोंड वळवणार. शिवाय पेट्रोल किंवा कुठलंही इंजिन ऑईल ब्रेकच्या रबराला लागलं तर रबर फुगतं.

मागचा ड्रम काढणं हा घरगुती कामाचा भाग नाही असं आम्हाला वाटतं. तो एका प्रचंड नटने, ४६ मिलिमीटरच्या, धुरीला आवळलेला असतो. जोर इतका लागतो की गाडी जॅकवर असताना तो सोडवायला गेलात तर गाडी खाली येईल. चाकं जमिनीवर असतानाच तो ढिला करायचा. परत लावताना नटची खाच आणि धुरीचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून नाही. त्यात नवी स्प्लिट पिन. हा नट सैल राहिला तर ड्रमचे आतले दाते झिजतात आणि एक दिवस चाक आणि धुरी यांची फारकत होते. ज्याच्याकडे योग्य पाना आहे त्यानेच हे करावं.

आता धुळीबद्दल. ड्रम काढला की आतून काळी-करडी भुकटी पडते. आपल्याकडे मेकॅनिक ती फुंकतो, नाहीतर हवेच्या पाइपने उडवतो आणि शेजारी त्याचा दहा-बारा वर्षांचा चेला उभा असतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरला जात असे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा वर येतो. दक्षिण आफ्रिकेला हे फार महाग पडलं. तिथल्या नॉर्दर्न केप भागात निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. त्या परिसरातल्या रुग्णांचा अभ्यास करूनच १९६० मध्ये डॉक्टरांनी या धुळीचा आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचा संबंध जगापुढे मांडला. त्या देशाने २००८ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली. आपल्या देशात संपूर्ण बंदी आजही नाही.

म्हणून भाईंच्या घरी नियम झाला. ड्रम उघडायचा तेव्हा मुलं अंगणात नकोत. चांगला मास्क लावायचा, भुकटी आधी पाण्याच्या फवाऱ्याने भिजवायची, ओल्या कापडाने पुसून ते कापड पिशवीत बांधून टाकायचं. फुंकर नाही, झाडू नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. हा शेवटचा मुद्दा घरातल्या बायकांनी खास लक्षात ठेवावा. ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्यांचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांना हा आजार झाल्याची उदाहरणं अनेक देशांत नोंदली गेली आहेत. तुमचा मुलगा, भाऊ, भाचा गॅरेजमध्ये शिकायला जात असेल तर त्याला एवढं तरी सांगा. मालक हसेल. हसू दे.

ब्रेक ऑईलची गोष्ट वेगळी आहे. ते न वापरताही खराब होतं. हवेतला ओलावा ते शोषत राहतं. ताजं डॉट ४ ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. घाटात ड्रम तापतात, उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत जाते, ऑईल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, ऑईल दबत नाही. पायडल एकदम फरशीला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑईल बदलायचं ते यासाठी. बदलताना हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. केपमध्ये आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. बाटली उघडून वर्षभर कपाटात पडलेलं ऑईल वापरायचं नाही, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, नाहीतर रंग सोलून निघतो.

घाटाचा विषय निघालाच आहे तर भाभींच्या भीतीकडे येऊ. केपटाऊनहून पूर्वेला जाताना सॉमरसेट वेस्ट सोडलं की सर लाउरीज पास लागतो. वरून सगळा फॉल्स बेचा समुद्र दिसतो, लोक फोटो काढायला थांबतात. परतताना मात्र खिंडीपासून पायथ्यापर्यंत साधारण ३०० मीटर उंची उतरायची असते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून आम्ही हिशेब तपासून घेतला. माणसं आणि सामान धरून गाडी १८०० किलोची मानली, तर ताशी ८० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबवताना ब्रेकना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या जवळजवळ बारापट ऊर्जा हा एक उतार सोडतो. तेवढ्या उष्णतेत सोळा-सतरा लिटर पाणी उकळेल. त्यातली काही हवेच्या अडथळ्यात जाते, बाकी कोणीतरी घेतली पाहिजे. गिअरने इंजिनावर टाकली तर इंजिन घेतं. नाही टाकली तर चार ड्रम.

ड्रमचा खरा कमकुवतपणा इथेच आहे, आणि तो कबूल केला पाहिजे. बंद पातेल्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो, म्हणून पायडल आणखी खोल. लायनरही अति तापला की त्याची पकड घटते. डिस्क उघडी असते, वारा लागतो, आणि ती तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच होते. त्यामुळे सपाटीवर एकदा थांबवण्यात चांगल्या ड्रमने हार खाऊ नये, पण लांब उतारावर डिस्क केव्हाही सरस.

म्हणून उताराची शिस्त. खिंडीच्या माथ्यावरच, उतार सुरू होण्याआधी, खालचा गिअर टाकायचा. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून घासत यायचं नाही. वेग वाढला की ठामपणे दाबून कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, ड्रमला श्वास घेऊ द्यायचा. मागे मोटारींची रांग लागली तर बाजूला थांबून त्यांना जाऊ द्यायचं. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचवणारे महाभाग आपल्या आंबा घाटातही आहेत, कुंभार्ली घाटातही. सफरची दुआ पढून गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्याने उंट बांधण्याची हदीस पुन्हा एकदा वाचावी, याहून जास्त आम्ही काय सांगणार?

हे सगळं फक्त कोम्बीवाल्यांसाठी नाही. दारातल्या ऑटोरिक्षाला तिन्ही चाकांना ड्रम असतात. जुन्या पद्मिनी आणि अँबेसिडरला चारही चाकांना होते. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींना पुढे डिस्क असली तरी मागे ड्रमच आहेत, आणि सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘ब्रेक चेक’ लिहिलेलं असतं तेव्हा मागचा ड्रम उघडला होता का, हे विचारायला हरकत नाही. स्कूल व्हॅन चालवणाऱ्या काकांनाही विचारावं. आम्ही शिक्षक आहोत, रोज सकाळी अशा व्हॅनमधून उतरणारी मुलं बघतो. दहाजणांच्या जागेत पंधरा बसतात आणि पायडल कुठवर जातं हे फक्त त्या काकांच्या पायाला ठाऊक असतं.

भाईंच्या कोम्बीचं काम झाल्यावर पहिल्यांदा ती मोकळ्या मैदानात चालवली. ताशी ३० च्या वेगावर स्टिअरिंग हलक्या हाताने धरून ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. असं पाच-सहा वेळा केलं, वेग थोडा थोडा वाढवत. नव्या लायनरला ड्रमच्या गोलाईशी जुळायला काही दिवस लागतात, म्हणून पहिले काहीशे किलोमीटर सपाटीवरच, सामान न भरता. त्यानंतर पुन्हा एकदा आठही चाक्या सेट केल्या, कारण नवे लायनर सुरुवातीला लवकर बसतात. मग भाभी स्वतः चालवत सर लाउरीज पासच्या पलीकडे गेल्या आणि परत आल्या. खाली उतरल्यावर थांबून त्यांनी प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन पाहिला. चारही सारखेच ऊन होते.

आता घरात नवा वाद आहे. भाईंना पुढच्या चाकांना डिस्क बसवायची आहे. तयार संच मिळतात, आणि दर सहा महिन्यांनी जमिनीवर लोळून दाते मोजायचा त्यांना कंटाळा आला आहे. मोठ्या मुलीचं म्हणणं, १९६९ ची गाडी १९६९ सारखीच राहू द्या. भाभी म्हणतात डिस्क खुशाल बसवा, पण मागचे ड्रम तरीही राहणार आहेत आणि ते मीच उघडून बघणार. दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी एक कागद चिकटवला आहे. त्यावर ब्रेक ऑईल बदलल्याची तारीख आहे आणि त्याखाली दोन वर्षांनंतरची.